परदेशात मास्टर्सला जायचंय? कॅलेंडर शेवटाकडून वाचा

परदेशी विद्यापीठांसाठीचे अर्ज मी गेली काही वर्षं वाचून देते. त्याआधी मीही याच रांगेत उभी होते. एवढ्या काळात हुशारी कमी पडल्यामुळे हुकलेली जागा क्वचितच पाहिली, पण कागद उशिरा हाती आल्यामुळे हुकलेल्या जागा पुष्कळ पाहिल्या. शिफारसपत्र वेळेत गेलं नाही, बँकेतली रक्कम पुरेसे दिवस खात्यात राहिली नाही, शिष्यवृत्तीची मुदत कोर्स ठरवायच्या आतच संपून गेली. या सगळ्यावर मला एकच उपाय सापडला आहे. पहिल्या लेक्चरच्या दिवसापासून मागे मागे मोजत यायचं.

समजा, वर्ग सप्टेंबरात सुरू होणार आहेत. मग व्हिसा जुलै-ऑगस्टपर्यंत हातात हवा. व्हिसासाठी विद्यापीठाचं अधिकृत पत्र लागतं. अमेरिकेत त्याला आय-२० म्हणतात, ब्रिटनमध्ये कॅस, ऑस्ट्रेलियात सीओई. ते पत्र मिळण्यासाठी आधी ॲडमिट, म्हणजे प्रवेशाचा होकार, हवा आणि बहुतेक ठिकाणी पैशांचा पुरावा किंवा डिपॉझिटही. ॲडमिट साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, त्यांचे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत जातात. अर्जाला जोडायचे गुण, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) आणि शिफारसपत्रं नोव्हेंबरपर्यंत तयार हवीत, म्हणजे परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात द्यायला हवी. तिचा अभ्यास त्याआधी दोन-तीन महिने आणि कोर्सचा शोध त्याच्याही आधी. बोटं मोजत गेलात तर पंधरा ते अठरा महिने भरतात. ब्रिटिश सरकारच्या शेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज तर कोर्स सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधीच बंद होतात. शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर काय आणि का शिकायचं, हे तोवर पक्कं झालेलं असलं पाहिजे.

एक कागद घ्या, पहिल्या लेक्चरची तारीख तळाशी लिहा आणि वर चढत जा. हा कागद पुढचं दीड वर्ष भिंतीवर राहू द्या.

देशाआधी अभ्यासक्रम

"कुठल्या देशात जाऊ?" हा प्रश्न मला रोज विचारला जातो. मी उलट विचारते, "शिकून झाल्यावर कुठलं काम करायचं आहे?" कारण एकाच नावाच्या पदव्या आतून फार वेगळ्या असतात.

ब्रिटनमधली टॉट मास्टर्स (संशोधनाऐवजी वर्गात शिकून करायची) साधारण एका वर्षाची असते. त्यात १८० क्रेडिट आणि शेवटी उन्हाळ्यात लिहायचा प्रबंध. वर्ष वाचतं, एक वर्षाचा राहण्याचा खर्चही वाचतो. पण तिथे स्थिरावून विषय चाचपडायला वेळ मिळत नाही, कारण मोठ्या कंपन्यांची भरती पहिल्याच सत्रात सुरू झालेली असते. युरोपात बऱ्याच ठिकाणी मास्टर्स दोन वर्षांची आणि १२० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिटची असते. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यामुळे ६० क्रेडिटचं एक वर्ष म्हणजे पंधराशे ते अठराशे तास. नोकरी करत करत सहज जमेल, असं वाटत असेल तर हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहा. अमेरिकेत मास्टर्स साधारण दीड-दोन वर्षांची असते आणि विषय निवडायची मोकळीक जास्त.

संशोधनाकडे ओढा असलेल्यांनी इथे जरा थांबावं. अमेरिकेत अनेक विषयांत पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. विज्ञान-अभियांत्रिकीच्या चांगल्या पीएचडींमध्ये बहुधा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. हे ठाऊक नसल्यामुळे आधी कर्ज काढून मास्टर्स करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये वाट वेगळी आहे. तिथे पीएचडीसाठी आधी मास्टर्स लागते. नेदरलँड्समध्ये तर पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो आणि जागा नोकरीच्या जाहिरातीसारखी निघते.

विद्यापीठांच्या क्रमवारीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. यादीची सुरुवात तिथून करायला हरकत नाही, निर्णय मात्र तिच्यावर सोडू नये. क्यूएस या संस्थेच्या जागतिक क्रमवारीत २०२४ च्या आवृत्तीपासून शैक्षणिक प्रतिष्ठेला ३० टक्के आणि कंपन्यांच्या मताला १५ टक्के भार आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण लोकांना विचारलेल्या मतांवर, आणि तेही अख्ख्या विद्यापीठाबद्दलच्या. तुम्ही ज्या विभागात बसणार आहात, त्याबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

त्यापेक्षा हे करा. कोर्सचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, उघडा. सक्तीचे विषय आणि ऐच्छिक विषय स्वतःच्या हाताने उतरवून काढा. त्यातले किती तुम्ही आधीच शिकला आहात? तुम्हाला हवे असलेले ऐच्छिक विषय दर वर्षी शिकवले जातात का? शिकवणाऱ्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध निदान सारांशापुरते वाचा. मग तिथून शिकून बाहेर पडलेले पाच-सहा जण शोधून ते आता कुठे काम करतात ते पाहा. त्यांना लिहिताना "माझं प्रोफाइल बघा" असं लिहू नका. एकच नेमका प्रश्न विचारा. अशा प्रश्नाला अनोळखी माणसंही मनापासून उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

पात्रतेची चाळणी

आवडलेल्या कोर्सला आपण बसतो का, हे आधी तपासावं. तीन वर्षांची पदवी असेल तर अमेरिकेतली काही विद्यापीठं एकूण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, काही मागत नाहीत. थेट विभागाला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

जर्मनीत दोन गोष्टी पाहतात. पहिली, आधीच्या पदवीत ठरावीक विषयांचे पुरेसे क्रेडिट आहेत का. संगणकशास्त्राच्या मास्टर्ससाठी गणिताचे अमुक क्रेडिट हवेत असं लिहिलं असेल आणि तुमचे कमी भरत असतील, तर उत्तम गुण असूनही अर्ज बाद होतो. दुसरी, गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. त्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्ण होण्याच्या किमान गुणांमधल्या फरकाने त्याला भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी आठ गुण असतील आणि चारला पास असेल, तर दोन भागिले सहा, गुणिले तीन म्हणजे एक, अधिक एक. तुमची श्रेणी २.०. बऱ्याच कोर्सेसची मर्यादा २.५ च्या आसपास असते, त्यामुळे एवढं गणित घरीच केलं तर अर्जाचे पैसे वाचतात. तिथल्या अनेक विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या संस्थेमार्फत जातात. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात.

एकूण सहा ते आठ अर्ज पुरेत. त्यातले दोन अवघड, तीन-चार आपल्या ताकदीचे, दोन जवळपास खात्रीचे. मात्र खात्रीचे म्हणून टाकलेल्या दोन्ही ठिकाणी खरोखर जायची तयारी हवी. जिथे जायचंच नाही तिथे अर्ज टाकून काही पदरात पडत नाही. अमेरिकेत बऱ्याच विभागांकडे अर्जाची फी माफ करायची सोय असते आणि ती विचारणाऱ्यालाच मिळते.

पैसा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बहुतेक जण फक्त ट्यूशन फी पाहतात. मी चार रकाने करायला सांगते: फी, राहणं-खाणं, निघण्याआधीचा एकरकमी खर्च आणि अडीअडचणीची राखीव रक्कम. तिसरा रकाना लोक विसरतात आणि नेमका तोच ऐन वेळी दगा देतो.

जर्मनीचं उदाहरण घ्या. "तिथे शिक्षण फुकट" हे अर्धसत्य आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. पैसे तुमचेच असतात, पण निघण्याआधी एकरकमी उभे करावे लागतात. म्युनिकसारख्या महाग शहरात त्या ९९२ मधला मोठा हिस्सा एका खोलीच्या भाड्यात जातो.

ब्रिटनमध्ये आरोग्य सेवेचा अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी अर्ज करतानाच भरायचा असतो. एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा त्यापुढे आणखी चार महिन्यांचा मिळतो, म्हणून दीडपट, म्हणजे १,१६४ पौंड जातात. कॅनडाला क्यूबेकबाहेर एकट्याने जायचं असेल तर सप्टेंबर २०२५ पासून पहिल्या वर्षाची फी आणि प्रवास वगळून २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियासाठी वर्षाच्या राहण्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायचे, आणि नुसती व्हिसाची फी जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झाली आहे. हे आकडे दर वर्ष-दोन वर्षांनी वर सरकतात. म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा पाहून घ्या.

आता एक तापदायक बाब. ब्रिटनच्या नियमानुसार पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. एका दिवसासाठीही शिल्लक त्या रकमेखाली गेली तर मोजणी पहिल्यापासून. घरातल्या कोणी त्या खात्यातून सहज काही रक्कम काढली आणि महिना वाया गेला, असं झालेलं मी पाहिलं आहे. त्या काळात ते खातं कोणीही हात न लावता तसंच राहू द्यावं.

शिकता शिकता काम करून फी भरू, हा बेत करू नका. कामाच्या तासांना सगळीकडे मर्यादा आहे. अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांना २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. एवढ्या कामातून जेवणाचा आणि थोडाफार भाड्याचा खर्च सुटतो. फी सुटत नाही. मर्यादा मोडली तर व्हिसाच धोक्यात येतो. कर्ज काढणार असाल तर परतफेडीचा हप्ता परदेशी पगारावर मोजू नका. मायदेशी परतून जो पगार मिळेल, त्यावर मोजा. तो हप्ता पेलत असेल तरच निर्धास्तपणे जा.

शिष्यवृत्त्यांत प्रत्येकीचा स्वभाव निराळा असतो. शेव्हनिंगला पदवीसोबत २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, अर्जात ब्रिटनमधले तीन कोर्स द्यावे लागतात आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तिथे नेतृत्व आणि संपर्क बांधण्याची हातोटी पाहतात, नुसते गुण पुरत नाहीत. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडूस या योजनेतल्या संयुक्त मास्टर्समध्ये किमान दोन देशांत शिकायला मिळतं, शिष्यवृत्तीधारकाची फी माफ असते आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. माझ्या मते ही सगळ्यात कमी लोकांना नीट माहीत असलेली उत्तम संधी आहे. डाड या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या विकासविषयक कोर्सेसना साधारण दोन वर्षांचा अनुभव हवा. अमेरिकेची फुलब्राइट आणि ब्रिटनची कॉमनवेल्थ या शिष्यवृत्त्यांच्या अटी देशागणिक बदलतात.

अमेरिकेत मास्टर्सला अध्यापन किंवा संशोधन सहायकाची जागा आधीच हातात पडणं दुर्मीळ, पण दुसऱ्या सत्रापासून ती मिळवणारे बरेच असतात. अशी मदत देऊ करणाऱ्या अनेक विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव मान्य केला आहे. त्यानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही. एखादा विभाग मार्चमध्येच घाई करू लागला तर या ठरावाची नम्रपणे आठवण करून द्या.

परीक्षा

परीक्षेवर थोडक्यात. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे पाच. जीआरई २२ सप्टेंबर २०२३ पासून छोटी होऊन १ तास ५८ मिनिटांची झाली. अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली आहे, काहींनी काढूनच टाकली आहे, त्यामुळे यादी तयार झाल्याशिवाय तिचे पैसे भरू नका. इंग्रजीच्या परीक्षेत एकूण बँडइतकंच, म्हणजे श्रेणीगुणाइतकंच, प्रत्येक विभागाच्या किमान बँडकडे लक्ष द्या. "एकूण ७, कुठेही ६.५ पेक्षा कमी नको" अशी अट असताना लेखनात ६ आले, तर एकूण ७.५ असूनही अडतं. एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते, पण सगळी विद्यापीठं ती धरत नाहीत. आधी विचारून घ्या.

एसओपी: स्वतःच्या कामाबद्दल लिहा

एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, हा काय आणि का शिकायचं ते सांगणारा निबंध. मी वाचलेल्या एसओपींपैकी निम्म्याअधिक "लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं" अशा वाक्याने सुरू होतात. ते खरंही असेल. पण प्रवेश समितीला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. आता हे पाहा: "शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आमच्या पंपाची कंपनं मोजताना ठरावीक वेगाला आकडे एकदम उसळायचे. आम्ही तीन आठवडे सेन्सरला दोष दिला. दोष जोडणीच्या सैल बोल्टचा निघाला." इथे माणूस दिसतो. त्याने काय केलं, कुठे चुकला, कसा शोध लावला, ते समजतं.

माझी पद्धत अशी. आधी कागदावर चार प्रश्नांची उत्तरं बोलल्यासारखी लिहा. मी आजवर कुठला प्रश्न खरोखर सोडवायचा प्रयत्न केला? तो करताना मला काय येत नाही, हे कधी लक्षात आलं? ते या कोर्समधल्या कुठल्या विषयात, कोणाकडे शिकता येईल? शिकून झाल्यावर त्याचं मी काय करणार? ही चार उत्तरं नीट जुळली की एसओपीचा सांगाडा उभा राहतो. तिसऱ्या उत्तरात विद्यापीठाचं नाव काढून दुसरं घातलं तरी परिच्छेद तसाच चालत असेल, तर तो पुन्हा लिहा.

गुणपत्रिकेत एखादं वाईट सत्र किंवा बॅकलॉग असेल तर लपवू नका आणि त्यावर पानभर सफाईही देऊ नका. दोन वाक्यांत कारण, एका वाक्यात पुढे काय सुधारलं. काही विद्यापीठं एसओपीशिवाय वेगळं पर्सनल स्टेटमेंट मागतात. त्यात तुमची जडणघडण आणि परिस्थिती लिहायची असते, तिथे एसओपीच पुन्हा चिकटवू नये. मसुदा एआयकडून लिहून घेण्याचा मोह सध्या सगळ्यांनाच होतो. काही विद्यापीठं त्यावर बंदी घालतात, काही तसं जाहीर करायला सांगतात. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. वीस जणांनी तसं केलं की वीस अर्ज एकाच आवाजात बोलतात आणि तुमचा तो सैल बोल्ट त्यात कुठेच नसतो.

शिफारसपत्रं आणि कागद

शिफारसपत्रासाठी विभागप्रमुखाच्या हुद्द्यामागे धावू नका. तुमचं काम जवळून पाहिलेला तरुण प्राध्यापक दहापट चांगलं पत्र लिहितो. दोन महिने आधी विचारा, आणि प्रश्न असा ठेवा: "सर, माझ्यासाठी चांगलं पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?" त्यांनी आढेवेढे घेतले तर आभार मानून दुसरीकडे जा. होकार मिळाला की एका पानावर तुमचे प्रकल्प, त्यांच्या वर्गातलं काम, कोर्सची नावं आणि शेवटच्या तारखा लिहून द्या. अमेरिकी अर्जात पत्र वाचायचा हक्क सोडता का, असं विचारतात. तो हक्क १९७४ च्या फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या कायद्याने दिला आहे. तो सोडावा, कारण विद्यार्थ्याच्या नजरेआड लिहिलेल्या पत्राला समिती जास्त वजन देते. पत्र स्वतः लिहून बनावट ईमेलवरून पाठवण्याचा विचारही करू नका. पकडलं गेलं तर दिलेला प्रवेशही रद्द होतो.

ट्रान्सक्रिप्टचा अर्ज सगळ्यात आधी करा. माझा सात आठवडे एका कचेरीत पडून होता. रोज फोन करून शेवटी कळलं की अर्जावर एक सही राहिली होती. ती मी भरतानाच तपासली असती तर एका विद्यापीठाची मुदत हुकली नसती. त्या मुदतीची रुखरुख अजून आहे. दुसरी गोष्ट नावाची. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि परीक्षेची नोंदणी या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं हवं. आडनावाचा क्रम जरी बदलला असला तरी दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्राची सोय आत्ताच करा. कागद इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतर लागेल, त्याचेही दिवस धरा.

ॲडमिट आल्यानंतर

ब्रिटनची ऑफर कंडिशनल असेल तर अट नेमकी काय आहे आणि ती कुठल्या तारखेपर्यंत पुरी करायची, हे भिंतीवरच्या कागदावर चढवा. डिपॉझिट भरण्याआधी परताव्याचे नियम वाचा, विशेषतः व्हिसा नाकारला गेला तर काय होतं तो भाग. प्रवेश पुढे ढकलायचा असेल तर शिष्यवृत्तीही पुढे जाते का, ते लेखी विचारा. बहुधा जात नाही.

सल्लागाराकडे जाणं गैर नाही. पण अनेक एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे "तुम्हाला कुठल्या विद्यापीठांकडून पैसे मिळतात?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. अर्जाच्या पोर्टलचा पासवर्ड मात्र नेहमी स्वतःकडे ठेवा.

जोडीदाराला सोबत न्यायचं असेल तर देश निवडतानाच नियम पाहा. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून टॉट मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही. याला अपवाद संशोधनाच्या कोर्सेसचा आणि सरकारी शिष्यवृत्तीवर आलेल्यांचा. अमेरिकेत एफ-२ व्हिसावर जोडीदाराला नोकरी करता येत नाही. कॅनडात जानेवारी २०२५ पासून मास्टर्स १६ महिने किंवा त्याहून मोठी असेल तरच जोडीदाराला खुला वर्क परमिट मिळतो. मोजके व्यावसायिक कोर्स त्याला अपवाद आहेत.

व्हिसा

अमेरिकेसाठी आय-२० आल्यावर ३५० डॉलरची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) फी भरायची, डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म भरायचा आणि मुलाखतीचा स्लॉट घ्यायचा. उन्हाळ्यात स्लॉटची टंचाई होते, म्हणून आय-२० हाती पडल्याच्या दिवशीच शोध सुरू करा. वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी मात्र देशात शिरता येत नाही. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. नकार आला तर तो बहुतेक वेळा २१४(बी) कलमाखाली येतो. त्याचा अर्थ, शिकून परत जाण्याचा तुमचा इरादा अधिकाऱ्याला पटला नाही. यावर घोकलेली उत्तरं चालत नाहीत. हाच कोर्स का, पैसे कुठून येणार, शिकून काय करणार, एवढं आपल्या शब्दांत दोन-दोन वाक्यांत सांगता यायला हवं. ज्याने मॉड्यूल हँडबुक हाताने उतरवून काढलं आहे, त्याला ही तयारी वेगळी करावी लागत नाही. ऑस्ट्रेलियाही मार्च २०२४ पासून जेन्युइन स्टुडंटच्या निकषाखाली जवळपास हेच प्रश्न लेखी विचारतं.

शिकून झाल्यावर राहून काम करण्याची मुदत आधीच माहीत असावी. अमेरिकेत ओपीटी या शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचे १२ महिने, आणि एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या पदवीला आणखी २४. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट मास्टर्सनंतर दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने. कॅनडात फेब्रुवारी २०२४ पासून पात्र मास्टर्सला, कोर्स दोन वर्षांपेक्षा छोटा असला तरी, तीन वर्षांपर्यंतचा वर्क परमिट मिळू शकतो.

पोचल्यावरचे पहिले आठवडे

घर पाहिल्याशिवाय किंवा विद्यापीठाच्या निवास कार्यालयाकडून खात्री केल्याशिवाय भाड्याची आगाऊ रक्कम पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल" असं मालक सांगत असेल तर संवाद तिथेच थांबवा. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरत्या खोलीत काढून घर शोधणं महाग वाटतं, पण बुडालेल्या डिपॉझिटपेक्षा स्वस्त पडतं. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिच्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात. अमेरिकेत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात हजेरी लावून सेव्हिसची नोंद चालू करून घ्यायची असते. विषय कमी करायचा असेल तर आधी तिथे विचारा. परवानगीशिवाय पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या मर्यादेखाली गेलात तर व्हिसाचा दर्जा जातो.

अभ्यासाची पद्धतही वेगळी असते. पुस्तकातला परिच्छेद स्रोत न देता उतरवणं तिथे चोरी धरतात, आणि "मला नियम माहीत नव्हता" हे कारण ऐकून घेत नाहीत. पहिली असाइनमेंट देण्याआधी ग्रंथालयाचं संदर्भलेखनाचं सत्र करून टाका. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटायला राखलेल्या वेळेला) दुसऱ्याच आठवड्यात जा. प्रश्न लहान असला तरी चालेल. मी पहिलं सत्र भिडेपोटी गेलेच नाही. दुसऱ्या सत्रात गेले, तेव्हा वीस मिनिटांच्या त्या गप्पांतून माझ्या प्रबंधाचा विषय निघाला.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवस लहान होऊ लागले की, अनेकांना एकटेपणा घेरतो. अभ्यासाचा डोंगर, हिशोबाची ओढाताण आणि घरच्यांना "सगळं छान आहे" सांगायची सवय. विद्यापीठाची समुपदेशन सेवा बहुतेक ठिकाणी मोफत असते. तिचा नंबर गरज पडायच्या आधीच फोनमध्ये ठेवा, आणि घरच्या एका तरी माणसाला खरं काय चाललं आहे ते सांगत राहा.